वळणाची किंमत
पहिल्या महायुद्धातील दुपंखी लढाऊ विमानांची तुलना

कामगार संघटनेच्या कामात उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत विमानांच्या इतिहासावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि यंत्रांच्या सहवासात पुष्कळ झाले. त्यामुळे इतिहास वाचताना आमचे लक्ष एका विशिष्ट गोष्टीकडे जाते. यंत्र कोणी घडवले, कोणी चालवले, आणि ते मोडले तेव्हा दोष कोणाच्या माथी बसला, हे आम्ही आधी पाहतो. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातील लाकडाच्या आणि कापडाच्या लढाऊ विमानांचा इतिहास या नजरेने वाचू लागलो, तेव्हा एक वाद आमच्या सारखा समोर येऊ लागला. सर्वांत चपळ वळणारे विमान कोणते? ब्रिटिशांचे सॉपविथ कॅमल, की जर्मनांचे तिपंखी फोकर? फ्रेंचांचे न्यूपोर, की जर्मन आल्बाट्रॉस? शंभर वर्षे उलटली तरी हौशी अभ्यासक या प्रश्नावर तावातावाने भांडतात. आमच्या मते हा प्रश्न अर्धाच विचारला जातो. वळण किती चांगले, एवढेच विचारतात. त्या वळणाची किंमत किती आणि ती कोणी मोजली, हे विचारायचे राहून जाते. आज तो उरलेला अर्धा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम, वळणाला एवढे महत्त्व का आले ते पाहू. १९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा विमान हे टेहळणीचे साधन होते. शत्रूच्या तोफा कोठे आहेत, रेल्वेगाड्या कोणत्या दिशेने धावत आहेत, हे वरून पाहून यावे, एवढेच त्याचे काम. १९१५ च्या उन्हाळ्यात जर्मनांच्या एकपंखी फोकर विमानांवर अशी मशीनगन बसली की तिच्या गोळ्या पुढच्या पंख्याच्या पात्यांना चुकवून पात्यांच्या मधून नेमक्या जात. तेव्हापासून सारेच पालटले. आता बंदूक विमानाला जखडलेली होती. नेम धरायचा म्हणजे आख्खे विमानच त्या दिशेला वळवायचे. आणि शत्रूला गाठायचे तर त्याच्या पाठीमागून, कारण तेथून त्याची बंदूक उलटून येऊ शकत नाही. म्हणजे दोन विमाने समोरासमोर आली की दोन्ही एकमेकांच्या शेपटीमागे लागणार आणि आकाशात रिंगण सुरू होणार. रिंगणात जो आतल्या बाजूने, लहान घेऱ्याने धावेल, तो हळूहळू दुसऱ्याच्या पाठीशी येतो. एवढ्यासाठी वळण.

त्या काळची बहुतेक लढाऊ विमाने दुपंखी होती, याचेही कारण सरळ आहे. तेव्हाचे पंख पातळ असत. लाकडी दांडे, लाकडी फासळ्या आणि वर ताणून बसवलेले तागाचे कापड. असा एकच लांब पंख ताण सोसू शकत नाही. पण दोन आखूड पंख एकावर एक ठेवून मध्ये खांब उभे केले आणि तिरप्या तारा ओढल्या, की रेल्वेच्या लोखंडी पुलासारखा एक जाळीदार सांगाडा तयार होतो. वजनाने हलका, तरी ताणाला बळकट. पंख आखूड असल्यामुळे विमान एका कुशीवर चटकन झुकते, आणि झुकणे हीच वळणाची पहिली पायरी होय.

होडी सुकाणूने वळते, विमान तसे वळत नाही. वेगात असलेला सायकलस्वार जसा वळणाच्या आतल्या बाजूला कलतो, तसे विमानाला कलावे लागते. पंखांनी मिळणारी उचल एरवी सरळ वर असते. विमान कलले की तिचा काही भाग आडवा होतो आणि तोच विमानाला आत ओढतो. उरलेल्या उचलीने वजन तोलायचे असते. म्हणून वळणात पंखांना अधिक राबावे लागते. साठ अंशांनी कलून उंची न सोडता वळायचे, तर पंखांना विमानाच्या दुप्पट वजन पेलावे लागते आणि आत बसलेल्या माणसालाही आपला देह दुप्पट जड झालेला जाणवतो. हिशोबच मांडायचा तर, ताशी १५० किलोमीटर वेगाने साठ अंश कललेले विमान सुमारे १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढते आणि सुमारे पंधरा सेकंदांत एक फेरी पुरी करते. तोच कल ठेवून वेग २०० किलोमीटर केला, तर त्रिज्या १८० मीटरांवर जाते आणि फेरीला वीस सेकंद लागतात. वेगवान विमान मोठे रिंगण घेते आणि मंद विमान लहान रिंगण घेते, हा त्यातला मूळ नियम.

परंतु ‘वळण चांगले’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि सारा गोंधळ तेथेच होतो. पहिली गोष्ट, विमान सरळ उड्डाणातून वळणात किती झटकन शिरते. दुसरी, क्षणभरासाठी का होईना, ते किती लहान वर्तुळ काढू शकते. आणि तिसरी, उंची न गमावता ते तेच वर्तुळ किती वेळ काढत राहू शकते. दुसरी गोष्ट मुख्यतः पंखांच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन येते यावर ठरते. आपण त्याला पंखभार म्हणू. पंखभार कमी, तर वर्तुळ लहान. तिसरी गोष्ट मात्र इंजिनाच्या ताकदीवर अवलंबून असते. वळणात हवेचा अडथळा वाढतो. तो मोडून काढण्याइतके बळ इंजिनात नसेल, तर विमान वेग गमावते, नाही तर उंची.

आता आकडे पाहू. सॉपविथ पप या ब्रिटिश विमानाचा पंखभार चौरस मीटरला सुमारे २४ किलो होता. डीएच-२ चा सुमारे २८. कॅमल आणि तिपंखी फोकर, दोघांचाही सुमारे ३१. न्यूपोर-१७ चा सुमारे ३८, ब्रिटिशांच्या एसई-५ए चा ४० च्या आसपास, आणि आल्बाट्रॉस डी-३ चा ४३ च्या जवळ. नुसत्या या यादीवरून निकाल द्यायचा तर पप सर्वांत श्रेष्ठ आणि आल्बाट्रॉस सर्वांत कनिष्ठ ठरेल. पण प्रत्यक्षात १९१७ च्या एप्रिलमध्ये आल्बाट्रॉस विमानांनी ब्रिटिशांची इतकी हानी केली की तो महिना इतिहासात ‘रक्तरंजित एप्रिल’ या नावाने ओळखला जातो. गिरणीत दोन विणकरांचे रोजचे कापड मोजायचे आणि एकाला कामसू व दुसऱ्याला आळशी ठरवायचे, पण दोघांना दिलेले सूत सारखे होते काय हे विचारायचे नाही, असा एक न्याय असतो. एका आकड्यावरून केलेली तुलना ही त्याच जातीची.

या गोष्टीचा अत्यंत बोलका दाखला म्हणजे २३ नोव्हेंबर १९१६ ची लढत. एका बाजूला ब्रिटिशांचा मेजर लानो हॉकर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, २४ व्या स्क्वाड्रनचा प्रमुख. तो डीएच-२ मध्ये होता. या विमानाचे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असे. शक्ती १०० अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे १५० किलोमीटर. दुसऱ्या बाजूला तेव्हा फारसा नावारूपाला न आलेला मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन, १६० अश्वशक्तीच्या आल्बाट्रॉस डी-२ मध्ये. वेग ताशी १७५ किलोमीटर. दोघांनी सुमारे तीन हजार मीटरांवर रिंगण धरले. रिख्टहोफेनने पुढे लिहिल्याप्रमाणे वीस फेऱ्या एका दिशेने आणि तीस दुसऱ्या दिशेने झाल्या. हॉकरचे विमान लहान वर्तुळ काढीत होते; आल्बाट्रॉसला त्याच्या आत शिरता येईना.

मग हॉकर हरला कसा? रिंगण हवेत एका जागी उभे राहत नाही. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत होता. प्रत्येक फेरीगणिक दोघेही जर्मन मुलुखात आत आत सरकत होते. डीएच-२ च्या इंजिनाला एवढ्या वळणात उंची टिकवता येईना. प्रत्येक फेरी थोडी खाली, आणखी थोडी खाली. आल्बाट्रॉसचे वर्तुळ मोठे, पण त्याच्या इंजिनात बळ शिल्लक होते. अखेर जमीन जवळ आली, पेट्रोल संपत आले, आणि हॉकरला घराकडे सरळ पळणे भाग पडले. सरळ रेषेत वळणाचा काय उपयोग? तेथे वेगच लागतो. आपल्या हद्दीच्या थोडे अलीकडे तो मस्तकात गोळी लागून पडला. लहान वर्तुळ काढणारे विमान हरले. इंजिनाचे बळ शिल्लक ठेवणारे जिंकले.

याच्या पुढच्याच वर्षीचा दुसरा दाखला याला पूरक आहे. २३ सप्टेंबर १९१७ रोजी फ्लँडर्समध्ये जर्मन वैमानिक व्हेर्नर फोस हा तिपंखी फोकरमधून एकटाच ५६ व्या स्क्वाड्रनच्या एसई-५ए विमानांच्या तावडीत सापडला. पुढच्या काही मिनिटांत त्याने विमान असे गरगर फिरवले की त्याच्यावर तुटून पडलेल्या बहुतेक विमानांना गोळ्यांची भोके पडली. तिपंखी फोकरला शेपटीवर स्थिर उभा पंख नव्हता, नुसते हलते सुकाणू होते. त्यामुळे विमान न कलताही त्याचे तोंड झटकन फिरवता येई. तोंड फिरणे आणि वाट वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याने ओळखले, त्याने त्या विमानाचे मर्म ओळखले. तरीही शेवटी फोस पडला, कारण वेगवान एसई-५ए विमानांना पाहिजे तेव्हा लढाईतून निघून जाता येत होते आणि पाहिजे तेव्हा वरून परत येता येत होते. लढाई केव्हा सुरू करायची आणि केव्हा थांबवायची हे ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. संप करणाऱ्या आणि टाळेबंदी सोसणाऱ्या माणसांना हे वेगळे सांगावयास नको.

त्या दिवशीच्या ब्रिटिश तुकडीचा नायक होता जेम्स मॅक्कडन. हा मुळात फौजेत बिगुलवाला म्हणून भरती झालेला पोरगा. पुढे विमानदलात इंजिनांचा मेकॅनिक झाला, आणि तेथून वैमानिक. आपल्या विमानाच्या इंजिनात तो स्वतः सुधारणा करून घेई, आणि त्यामुळे त्याचे एसई-५ए इतरांपेक्षा उंच चढे. वळणाच्या झटापटीत शिरण्यापेक्षा उंचावर थांबून, हेरून, एकदाच खाली झेप घेणे ही त्याची रीत. ५७ विजय त्याच्या नावावर लागले. यंत्र हाताळणाऱ्याने यंत्र उघडून पाहिलेले असले म्हणजे त्याला त्याची खरी ताकद आणि खरी खोट दोन्ही कळतात. तोही ९ जुलै १९१८ रोजी गेला, तो मात्र शत्रूच्या गोळीने नव्हे. उड्डाण घेतल्यावर लगेच विमान कोसळून.

आता कॅमलकडे वळू. १९१७ च्या उन्हाळ्यात आघाडीवर आलेले हे विमान. याची साडेपाच हजारांच्या आसपास नगे बांधली गेली, आणि १,२०० हून अधिक विजय त्याच्या खाती लिहिले जातात. इंजिन, वैमानिक, बंदुका, पेट्रोलची टाकी, सारे वजन पुढच्या दोन-सव्वादोन मीटरांत एकवटलेले. त्यामुळे विमान विलक्षण चपळ. पण त्याच्या चपळपणाविषयी एक दंतकथा प्रसिद्ध आहे. कॅमल उजवीकडे इतके झपाट्याने वळे की डावीकडे पाव फेरी घ्यायची असली तरी वैमानिक उजवीकडून पाऊण फेरी घेत, असे सांगतात. ही गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे.

कॅमलचे इंजिन फिरते इंजिन होते. म्हणजे त्याचा दांडा स्थिर आणि सारे सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगरा फिरत. दीड-पावणेदोनशे किलोंचा हा लोखंडी भोवराच म्हणा. फिरणारा भोवरा एका बाजूला ढकलला तर तो त्या बाजूला न जाता काटकोनात सरकू पाहतो. सायकलचे चाक काढून दोन्ही हातांत आस धरून जोरात फिरवा आणि मग आस वळवू पाहा. हाताला जो अनपेक्षित हिसका बसतो तोच हा. कॅमल उजवीकडे वळले की या हिसक्याने नाक खाली जाई. डावीकडे वळले की नाक वर उठे. दोन्ही वळणांत वैमानिकाला डावे सुकाणू दाबून धरावे लागे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भोवऱ्याचा हिसका काटकोनात असल्यामुळे तो स्वतः विमानाचे वर्तुळ लहान करीत नाही. तो वैमानिकाच्या पायाला आणि हाताला जास्तीचे काम लावतो. कॅमलचे वळण चांगले होते ते पंखभार, आखूड पंख आणि एकवटलेले वजन यांमुळे. भोवरा ही त्याची शक्ती होती असे म्हणण्यापेक्षा तो त्याच्या वैमानिकावर बसलेला कर होता, असे आम्हांस वाटते.

हा कर कोणी भरला? कॅमल उडवताना शत्रूकडून चारशेहून थोडे अधिक वैमानिक मारले गेले असे सांगतात, आणि लढाईवाचून, केवळ अपघातांत, चारशेपेक्षा थोडे कमी. म्हणजे शत्रूने जितके मारले, जवळजवळ तितकेच त्या विमानाने स्वतः घेतले. यांतील कितीतरी जण शिकाऊ, अठरा-वीस वर्षांची पोरे. उड्डाण झाल्यावर पेट्रोल आणि हवेचे मिश्रण वेळेवर न बदलले तर इंजिन गुदमरे. नाक वर, वेग कमी, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विमान गिरकी घेत खाली. ओडण्यास एरंडेल तेल वापरीत. त्याचा फवारा वैमानिकाच्या तोंडावर येई आणि पोटात जाई. एरंडेलाचा गुण आपल्या घरांत आजीच्या वाटीपासून सर्वांना ठाऊक आहे; त्या पोरांनी तो आकाशात अनुभवला. १९१८ मध्ये नाकेबंदीमुळे जर्मनांना हे तेल मिळेनासे झाले, तेव्हा बदली तेलावर त्यांची फिरती इंजिने तापून बंद पडू लागली. कागदावरील वळण तेच राहिले. तेल पालटताच विमान दुबळे झाले.

या अपघातांचा उलगडा प्रथम ‘शिकाऊंचा अनाडीपणा’ असाच होत असे. तो खोटा आहे हे एका माणसाने सिद्ध करून दाखवले. रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१७ मध्ये गॉस्पोर्ट येथे शिक्षणाची पद्धतच बदलली. तोवर शिकाऊंना धोक्याच्या हालचालींपासून दूर ठेवीत. त्याने दुहेरी सुकाणूची विमाने घेतली, शिक्षक व शिष्य यांच्यामध्ये बोलण्यासाठी नळी बसवली, आणि शिष्याला मुद्दाम गिरकीत घालून तीतून बाहेर कसे यावे हे शिकवले. विमान असे का वागते याचे कारणही समजावून सांगितले. अपघात घटले. पोरे तीच होती. त्यांना मिळालेले ज्ञान बदलले होते. यंत्राच्या तोंडी माणूस द्यायचा आणि त्याला यंत्र समजावून सांगायचे नाही, मग बोट गेले की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे दोन शब्द लिहून कागद मिटायचा, अशा चौकश्या आम्ही स्वतः पाहिलेल्या आहेत. म्हणून गॉस्पोर्टची हकीकत आम्हांस कोणत्याही हवाई पराक्रमाहून मोठी वाटते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. वळणात पंखांना दुप्पट-तिप्पट भार सोसावा लागतो, हे वर सांगितले. मग पंख मोडले तर? न्यूपोर विमानाचा खालचा पंख अरुंद होता आणि त्यात एकच दांडा होता. त्यामुळे खालचे दिसे चांगले आणि विमान हलकेही होई. जर्मनांनी ती रचना पाहून आल्बाट्रॉस डी-३ मध्ये तिचे अनुकरण केले. परंतु आल्बाट्रॉस जड आणि वेगवान. झेप घेताना त्या एका दांड्याभोवती खालचा पंख पिळला जाऊ लागला. २४ जानेवारी १९१७ रोजी खुद्द रिख्टहोफेनच्या विमानाच्या खालच्या पंखाला हवेतच तडा गेला आणि तो कसाबसा उतरला. काही दिवस ती सारी विमाने जमिनीवर ठेवून पंख बळकट करावे लागले. दुसऱ्याचा गुण उसना घेताना त्याची खोटही सोबत येते, हे कारखान्यांना तेथे कळले.

तिपंखी फोकरची हकीकत याहून बोधप्रद आहे. ३० ऑक्टोबर १९१७ रोजी हाइनरिख गोंटरमान या नामांकित वैमानिकाच्या तिपंखी विमानाचा वरचा पंख हवेत फाटला आणि तो मरण पावला. दुसऱ्याच दिवशी ग्युंटर पास्टोर हा वैमानिक तसाच गेला. विमाने थांबवली गेली आणि चौकशी झाली. पंखांच्या आत ओल शिरलेली, डिंकाचे सांधे सुटलेले, काम ढिले झालेले, असा निष्कर्ष निघाला. दोष कारागिरीचा ठरला. आत रोगण लावा, तपासणी कडक करा, असे हुकूम सुटले. त्यांत काही चूक नव्हते. काम ढिले होते हे खरेच. पण सुधारणा करूनही ३ फेब्रुवारी १९१८ रोजी आणखी एका विमानाच्या वरच्या पंखाची पुढची कड तुटली. मग अकरा वर्षांनी, १९२९ मध्ये, अमेरिकेच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेने पंखांच्या उतरंडीची तपासणी केली. एकावर एक पंख रचले की हवेचा भार सर्वांवर सारखा वाटला जात नाही. वरच्या पंखाचा प्रत्येक भाग खालच्यापेक्षा जास्त ओढतो, आणि मोठ्या वेगात हे प्रमाण अडीच पटींवर जाऊ शकते, असे तीत आढळले. म्हणजे ज्या पंखाने माणसे मारली, त्यावर आराखड्यातच जास्तीचा बोजा होता, आणि तो बोजा तेव्हा कोणाच्याच हिशोबात नव्हता.

श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. १९१७ मध्ये कोणी मुद्दाम लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही; ते ज्ञान तेव्हा नव्हते. पण दोष शोधताना नजर आधी कोठे गेली? डिंक लावणाऱ्या हाताकडे. तो हात दिसतो, त्याला नाव नसते आणि तो उत्तर देऊ शकत नाही. कागदावरची रेघ मात्र निर्दोष मानली जाते. हात सुटला तर शिक्षा करावी, हे आम्हीही मान्य करू. पण रेघही तितक्याच कसोशीने तपासावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्या हातांची आणखी एक कथा येथे सांगणे अवश्य आहे, कारण पंखांवरचे कापड ताठ राहावे म्हणून त्यावर जे रोगण फासत, त्यावाचून वळण अशक्यच होते. इंग्लंडात आरंभी या रोगणात टेट्राक्लोरएथेन नावाचा द्राव असे. बंद खोल्यांत तो हुंगत काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांना विषारी कावीळ होऊ लागली. काही जण मेले. पुढे तो द्राव हटवावा लागला. विजयांच्या याद्यांत ही नावे सापडत नाहीत. पण हिशोब पुरा करायचा तर ती धरली पाहिजेत.

वळण, चढ, वेग, बळकटी आणि सौम्य स्वभाव यांचा मेळ कोणी घातला असेल, तर १९१८ च्या फोकर डी-७ ने. याचा पंखभार आल्बाट्रॉसइतकाच, म्हणजे कॅमलपेक्षा बराच अधिक. आकड्यांच्या न्यायाने हे विमान मागे पडायला हवे होते. परंतु त्याचे पंख जाड होते. त्यांची उचल एकदम तुटत नसे, आणि वेग अगदी कमी झाला तरी विमान वैमानिकाचे ऐकत असे. जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनजवळच्या स्पर्धेत ते पहिले आले. सामान्य वैमानिकालाही ते चांगला वैमानिक बनवते अशी त्याची ख्याती झाली, आणि नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामाच्या कलमात शत्रूच्या हवाली करावयाच्या विमानांत त्याचा नावानिशी उल्लेख आला. या विमानाच्या घडणीत राइनहोल्ड प्लाट्झ या माणसाचा मोठा हात होता असे मानतात. तो मूळचा वेल्डर. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण नसलेला. त्याचा वाटा नेमका किती आणि मालक फोकरचा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या वादात आम्ही पडत नाही. पण कारखान्यातील हाताला डोकेही असते, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

या साऱ्यात आपली माणसेही होती. सरदार हरदितसिंग मलिक हे २८ व्या स्क्वाड्रनमध्ये कॅमल उडवीत. ऑक्टोबर १९१७ मध्ये पायात गोळ्या लागूनही ते जिवंत परतले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय एसई-५ए उडवी. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याने दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला तो पडला, वय अवघे एकोणीस. आणि आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर सॉपविथ डॉल्फिन उडवी. या विमानाची रचना चमत्कारिक होती. वरचा पंख खाली आणून वैमानिकाचे डोके त्याच्या चौकटीतून वर काढलेले असे. त्यामुळे वर आणि सभोवार उत्तम दिसे, पण उतरताना विमान उलटले तर सारा भार त्याच डोक्यावर. येथेही गुण आणि किंमत एकाच चौकटीत बसवलेली. जून १९१८ मध्ये वेलिणकर जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला आणि त्या जखमांनी मरण पावला. फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुलुखात त्याची कबर आहे. साम्राज्याच्या युद्धात त्याने पडावे की नाही, हा वाद घालता येईल. परंतु ज्या यंत्रात तो बसला त्याची किंमत त्याने पुरेपूर मोजली, यात वाद नाही.

युद्ध संपल्यावरही वळणाचा मोह सुटला नाही. इटलीने १९३९ मध्ये फिआट सीआर-४२ हे दुपंखी लढाऊ विमान फौजेत आणले, कारण त्याचे वळण सुंदर होते. तोवर जगात धातूची एकपंखी विमाने ताशी पाचशे किलोमीटरांवर गेली होती. १९४० मध्ये इंग्लंडवर आलेल्या त्या दुपंखी विमानांना हरिकेन विमानांनी पिटाळले. हॉकरने १९१६ मध्ये प्राण देऊन जो धडा लिहिला होता, तो चोवीस वर्षांनी पुन्हा वाचावा लागला.

मग सर्वांत चांगले वळणारे विमान कोणते? लहान वर्तुळ हवे असेल तर पप आणि डीएच-२. वळणात झटकन शिरायचे तर कॅमल. तोंड फिरवायचे आणि फिरता फिरता चढायचे तर तिपंखी फोकर. आणि बसलेल्या माणसाला सुखरूप परत आणणारे वळण हवे असेल तर फोकर डी-७. उत्तर प्रश्नागणिक बदलते. आम्हांला विचाराल, तर यंत्राची परीक्षा त्याच्या सर्वोत्तम क्षणावरून करू नये. ते थकलेल्या, घाबरलेल्या, अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती कसे वागते यावरून करावी. कारण जगातील बहुतेक यंत्रे अशाच हातांत असतात. उद्या आपल्या गावात नवे यंत्र येईल, तेव्हा त्याचा वेग आणि त्याचे उत्पादन सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना नमस्कार करून एवढेच विचारावे, की याची किंमत काय, आणि ती मोजणार कोण?